सुनयना सिस्टरांचे अकरा दिवस

तामसीकडच्या गावांत सुनयनाबाईंचं नाव निघालं की लोक आधी त्यांच्या नजरेविषयी बोलत. गरोदर बाई ओट्यावरून अंगणात उतरताना त्यांनी एकदा पाहिली, की हिचं बाळंतपण इथंच उरकेल का हिला आधीच आदिलाबादला हलवलेलं बरं, हे त्या सांगून मोकळ्या होत. बहुतेक वेळा ते खरं ठरे. नर्सच्या नोकरीला त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती. पहिली अठरा भैंशाकडे गेली, आणि आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाल्यावर पुढची नऊ इकडे. वडील बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीवर हजेरी घेणारे कारकून होते. त्यांच्या हजेरीपटावर कधी खाडाखोड झाली नाही, असं त्या अभिमानाने सांगत, आणि आपली नजरही त्याच घराण्यातली आहे हे ऐकणाऱ्याला आपोआप कळे.

त्यांच्या आरोग्य केंद्राच्या वाट्याला आदिलाबादच्या दवाखान्यात चार खाटा होत्या. ज्या बाईचं अवघड जाईल असं वाटे, तिला दहा दिवस आधी तिथं नेऊन ठेवायचं. या चार खाटांवर कोणी जायचं ते सुनयनाबाई ठरवत. कागदावर सही डॉक्टरांची असे, पण नाव यांच्या तोंडून आलेलं. त्यामुळे सासवा त्यांना नवी तूर निघाली की शेरभर डाळ आणून देत, आणि बसमध्ये कोणीतरी उठून त्यांना खिडकीशी बसवी. डाळ त्या घेत नसत. खिडकी घेत.

मागच्या जून महिन्यात हे सगळं एका संगणकाकडे गेलं.

हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीने ते बनवलं होतं आणि जिल्ह्यातल्या काही केंद्रांत ते आजमावून पाहायचं होतं. प्रत्येक गरोदर बाईचे एकतीस प्रश्न भरायचे: वय किती, वजन किती, रक्त किती, कितवी खेप, आधी काही त्रास झाला का. मग मशीन एक आकडा काढी आणि आकड्याप्रमाणे रंग देई. लाल म्हणजे आदिलाबाद, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे इथंच. दर सोमवारी गावोगावची यादी निघे आणि अंगणवाडीच्या भिंतीवर डकवली जाई. नाव, रंग, आणि लाल असेल तर कारणही. बायका ती यादी दहावीच्या निकालासारखी वाचत. "माह्या सुनेचं हिरवं निंगालं," असं सासवा विहिरीवर सांगत, जणू सुनेने अभ्यास केला होता.

मशीन सांभाळायला शीतल नावाची सव्वीस वर्षांची मुलगी आली. कंत्राटी नोकरी, केसांना क्लिप, आणि सुनयनाबाईंना पहिल्याच दिवशी 'आंटी' म्हणाली. केंद्रात त्यांना सगळे सिस्टर म्हणत, गावात सिस्टरबाई. आंटी कोणी म्हटलं नव्हतं.

डॉक्टर जयदीप हे तरुण होते, आदिलाबादच्याच जुन्या मराठी घरातले. पूर्वी ते दारातून डोकं काढून म्हणत, "सिस्टर, जरा या." आता म्हणत, "शीतल, जरा बघ." एका दिवशी सुनयनाबाईंनी मोजलं. दुपारच्या जेवणापर्यंत चौदा वेळा शीतल आणि एकदा सिस्टर, आणि ते एकदाही पंखा बंद करायला सांगण्यासाठी. जिल्ह्याचे मोठे साहेब मशीन बघायला आले तेव्हाचा फोटो ऑफिसात लावला होता. त्यात शीतल पुढे होती, आणि सुनयनाबाई सलाइनच्या स्टँडमागे, अर्ध्या. रोज सकाळी सही करताना त्या फोटोकडे बघायचं नाही असं ठरवत आणि बघत.

मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा हेवा करताना निदान मन खात नाही. पण शीतलने त्यांचा फोन दुरुस्त करून दिला, त्यांच्या डब्यातलं आंबाडीचं लोणचं मागून खाल्लं, आणि त्यांना गुडघेदुखी आहे हे कळल्यावर आपली खुर्ची त्यांना दिली. सुनयनाबाई त्या खुर्चीवर बसल्या आणि दिवसभर त्यांना ती टोचत राहिली.

त्याहून वाईट म्हणजे मशीन चुकत नव्हतं. सप्टेंबरात एका धडधाकट बाईला त्यांनी चालीवरून पास केलं आणि मशीनने लाल दिला. डॉक्टरांनी मशीनचं ऐकलं. तिचं बीपी आदिलाबादला पोचल्यावर एकदम चढलं, तिथं होती म्हणून माय-लेकरू दोघं वाचली. केंद्रात पेढे वाटले. सुनयनाबाईंनी आपला पेढा कागदात गुंडाळला आणि संध्याकाळी बसच्या कंडक्टरला दिला. त्याने विचारलं, कशाचा? त्या म्हणाल्या, कोणाला तरी नोकरी लागली.

अशात नोव्हेंबर उजाडला. शेजारची एक नर्स बदलून गेली आणि तिच्याकडचं बोरटेक हे गाव सुनयनाबाईंना मिळालं. सहा तारखेच्या गुरुवारी त्या गावच्या बायका तपासणीला आल्या. आठ महिने भरलेली एक बाई सासूबरोबर आत आली आणि सुनयनाबाईंना पाहून दारातच थबकली.

सुनयनाबाईंनीही तिला ओळखलं. हर्षाली. नऊ वर्षांपूर्वी, बदलीच्या थोडं आधी, भैंशाकडच्या एका गावात ही एकोणीस वर्षांची होती आणि पहिल्या नवऱ्याकडे नांदत होती. मूल मेलेलं जन्मलं. वार अडकली, आणि मग रक्त थांबेना. निजामाबादला नेताना गाडीत सुनयनाबाई तिच्या पोटावर मूठ दाबून बसल्या होत्या. चार बाटल्या रक्त लागलं. वर्षभरात त्या नवऱ्याने तिला माहेरी घालवलं. पुढचं सुनयनाबाईंना ठाऊक नव्हतं, ते आता समोर उभं होतं. बोरटेकच्या लखनने तिच्याशी पाट लावला होता.

आपल्याकडच्या शेतकरी घरांत पाट लावताना एक प्रश्न हमखास विचारतात: पहिल्या घरी लेकरू झालं होतं का? झालेलं आणि गेलेलं असेल तर बाईच्या कुशीला नावं ठेवतात, सोयरीक मोडते. म्हणून माहेरची माणसं सांगतात, काही झालंच नाही, चार महिने तर नांदली. मुलगीही मग तेच सांगते, आणि सांगता सांगता तिच्या आयुष्यातून ते बाळंतपण पुसलं जातं. हर्षालीचे एकतीस प्रश्न घरच्या ओट्यावर, सासूच्या मांडीला मांडी लावून भरले गेले होते. कितवी खेप? पहिली. आधी काही त्रास? नाही.

सासू बयनाबाई बाहेर चप्पल शोधायला गेली तेवढ्यात वजनकाट्यावरून हर्षाली हळूच म्हणाली, "सिस्टर, तुमी मले कदीच पाह्यलं नाही."

सुनयनाबाईंनी मान हलवली. मग त्यांनी शीतलच्या पडद्याकडे पाहिलं. हर्षालीच्या नावापुढे हिरवा रंग होता.

ज्या बाईला एकदा असं रक्त गेलं, तिला पुन्हा जाऊ शकतं, हे नर्सच्या पहिल्या वर्षात शिकवतात. या केंद्रात रक्ताची एक बाटलीही नव्हती. आदिलाबाद बसने सव्वा तास, आणि अँब्युलन्स आधीच कुठे गेलेली असली तर देव जाणे. हे सगळं त्यांना एका क्षणात समजलं. आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट झाली, जी त्यांनी नंतर फक्त एकदाच कबूल केली. त्यांना बरं वाटलं. पाच महिन्यांत प्रथमच बरं वाटलं. जे मशीनला ठाऊक नाही, शीतलला ठाऊक नाही, ते मला ठाऊक आहे.

त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत. पोरीने विश्वास टाकलाय, तिचं गुपित आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. पण गुपित राखणाऱ्या माणसाला झोप जड जाते, आणि सुनयनाबाई त्या आठवड्यात छान झोपल्या. घरी भाकरी थापताना गुणगुणल्या. शीतलशी गोड बोलल्या. शीतल चहा पिताना मशीनची तारीफ करी तेव्हा त्या मान डोलावून ऐकत.

बारा तारखेला बुधवारी महिन्याची बैठक झाली. डॉक्टरांनी यादी वाचली आणि दर वेळेसारखं विचारलं की कुणाला यादीविषयी काही सांगायचंय का. सगळ्यांनी सुनयनाबाईंकडे पाहिलं, कारण जूनपासून दर बैठकीत त्या काही ना काही खुसपट काढत. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "नाही सर. मशीन सांगतंय ते बरोबरच असणार."

डॉक्टरांना आनंद झाला. शीतलने टेबलाखालून त्यांचा हात दाबला. आंटींनी शेवटी आपल्याला स्वीकारलं असं तिला वाटलं असावं. त्या हाताचा दाब पुढे बरेच दिवस सुनयनाबाईंच्या तळव्यात राहिला.

शुक्रवारी बोरटेकला गेल्या तर बयनाबाईने त्यांना बसवून चहा पाजला. डॉक्टरांच्या केंद्रातच बाळंतपण करायचं ठरलं होतं. पऱ्हाटी वेचायला आली होती, आदिलाबादला दहा दिवस कोण जाऊन राहतं? लाल निघालं असतं तर जावंच लागलं असतं म्हणा. पण हिरवं होतं. हर्षाली चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

रविवारी सकाळी सुनयनाबाई नवऱ्याला ही गोष्ट सांगायला बसल्या. हणमंतराव शाळामास्तर होते, वर्षापूर्वी निवृत्त झालेले, आणि अंगणात वालाच्या शेंगा सोलत होते. सुनयनाबाईंनी गोष्ट रंगवून सांगितली. कंपनीचे लोक कसे येतील, साहेब कसे विचारतील, शीतलचं तोंड कसं होईल. नऊ वर्षांपूर्वीच्या गाडीतला प्रसंगही सांगितला, कारण त्याशिवाय मशीन किती मूर्ख आहे ते कळत नव्हतं.

हणमंतरावांचे हात थांबले. "तिला किती बाटल्या लागल्या म्हणालीस?"

"चार."

"हं," ते म्हणाले, आणि पुन्हा शेंगा सोलू लागले. मग आत जाऊन ते पाणी प्याले आणि तिकडूनच त्यांनी विचारलं, "दिवस कधी भरतात तिचे?"

"तीन डिसेंबर."

सुनयनाबाईंनी तारीख सांगितली आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण हर्षालीच्या मरणाची गोष्ट सांगत होतो. ती मेल्याशिवाय मशीन हरत नव्हतं. अंगणात ऊन आलं होतं, पण त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

सोमवारी, सतरा तारखेला, त्या पहिल्या बसने केंद्रावर गेल्या. शीतल नवी यादी काढत होती. सुनयनाबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बोरटेकच्या हर्षालीचं लाल कर."

"कारण काय टाकू आंटी?"

"मी सांगते म्हणून."

शीतलने पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. बारा कारणं होती, त्यातलं एक निवडल्याशिवाय ते पुढेच जात नव्हतं. 'सिस्टर सांगते म्हणून' असं त्यात नव्हतं. आणि जे खरं कारण होतं ते निवडलं, तर दुपारपर्यंत बोरटेकच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लागलं असतं: आधीच्या बाळंतपणात रक्तस्राव. बयनाबाईला वाचता येत नव्हतं, पण गावात वाचून दाखवणारे कमी नव्हते.

सुनयनाबाईंनी डॉक्टरांना बोलावलं आणि दार लावून घेतलं. शीतल उठू लागली तर म्हणाल्या, बस, तुझ्याही समोरच सांगायचंय. मग त्यांनी सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"सहा तारखेपासून. अकरा दिवस."

"म्हणजे बुधवारी मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हाही माहीत होतं."

"मग सिस्टर, बोलला का नाहीत?"

त्या शीतलकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटलं, पडू दे हिचं मशीन तोंडावर. सगळ्यांना कळू दे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. ते रागावले असते तर सुनयनाबाईंना सोसलं असतं. शीतल मात्र एकटक पडद्याकडे बघत होती. तिकडेच बघत ती म्हणाली, "सासूसमोर बसून असे प्रश्न विचारायचे, हेच चुकीचं आहे ना सर. कोण खरं सांगेल? मी पाच महिन्यांत एकदाही विचार केला नाही. मी फक्त सगळे रकाने भरलेत का तेवढं बघत होते."

मग डॉक्टरांनी काम हाती घेतलं. पडद्यावर रंग बदलत नव्हता तर त्यांनी छापलेल्या यादीवर हर्षालीच्या नावापुढे पेनाने लिहिलं: आदिलाबाद, डॉक्टरचा निर्णय. खाली सही केली, तारीख टाकली. मशीन सल्ला देतं, निर्णय माझा आहे, जून महिन्यातच हे असं करायला हवं होतं, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. जिल्ह्याला त्यांनी पत्र लिहिलं. नर्सचं मत नोंदवायला वेगळी जागा द्या, ते छापलं जाऊ नये. प्रश्न बाईला एकटीला विचारावेत. आणि भिंतीवरच्या याद्या आजच्या आज काढतो आहोत.

राहिला प्रश्न बयनाबाईचा. हिरव्या सुनेला आदिलाबादला का नेता, हे तिला काय सांगायचं? डॉक्टर काहीतरी सुचवू लागले. सुनयनाबाई म्हणाल्या, "ते माझ्याकडे लागलं."

त्याच दुपारी त्या बोरटेकला गेल्या. शीतल यादी काढून घ्यायला बरोबर होती. अंगणवाडीपाशी पाच-सात बायका होत्या, त्यांच्यासमोर सुनयनाबाईंनी सांगितलं की हर्षालीचं रक्त तपासताना माझ्याकडून चूक झाली. आकडा मी चुकीचा लिहिला, म्हणून हिरवं आलं. मशीनची चूक नाही, माझी आहे. हे खोटं होतं. सत्तावीस वर्षांत कागदावर चुकीचा आकडा त्यांनी कधी लिहिला नव्हता.

बयनाबाईने त्यांना खालीवर पाहिलं. "मशीन बराबर अन् सिस्टरबाई चुकली? डोये गेले का वं बाई तुये?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "आता रिटायर व्हा म्हणा, नातू खेळवा."

"गेले असतील," सुनयनाबाई म्हणाल्या. "पण पोरीला घेऊन चल. चष्मा मी मागून घेईन."

शीतल भिंतीवरची यादी नखांनी सोलत होती. तिने एकदाच मागे वळून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

हर्षाली बावीस तारखेला सुनयनाबाईंबरोबर बसने आदिलाबादला गेली. लखन तिची पिशवी घेऊन बसपर्यंत आला होता. बस सुटताना त्याने सुनयनाबाईंच्या खिडकीशी येऊन हळूच सांगितलं की त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे, फक्त मायले ठाऊक नाही. दोन डिसेंबरला हर्षालीला मुलगी झाली. रक्त पुन्हा तसंच गेलं. तीन बाटल्या तयार ठेवल्या होत्या, तिन्ही लागल्या. तिथून आलेला फोन शीतलने घेतला, आणि ऑफिसातून धावत येऊन तिने सुनयनाबाईंना मिठी मारली. सुनयनाबाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. डोळे भरले होते, पण मनात हेही आलं की फोन मला यायला हवा होता.

जानेवारीत जिल्ह्याचं पत्र आलं. नर्सच्या मताची जागा मशीनमध्ये केली होती, आणि ज्या केंद्राने ही सूचना केली तिथल्या संगणक चालकाचं अभिनंदन होतं. शीतलचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासह. शीतल ते घेऊन आली आणि म्हणाली, मी उलट पत्र लिहिते, तुमचं नाव घालायला सांगते.

"नको," सुनयनाबाई म्हणाल्या. "माझं नाव घातलं तर अकरा दिवसही घालावे लागतील."

शीतलने पत्र घडी करून ठेवलं. नंतर ते चौकटीत लागलं, त्या फोटोच्या शेजारी. सुनयनाबाई आता सही करताना दोन गोष्टींकडे बघत नाहीत.

पण दर गुरुवारी तपासणी संपली की शीतल दार लावते, नवी जागा उघडते आणि विचारते, "आंटी, तुमच्या मनात कोण?" मागच्या गुरुवारी सुनयनाबाईंनी दोन नावं सांगितली. तिसरं होतं. तामसीची एक मुलगी, सगळे आकडे चांगले, रंग हिरवा, पण जिना चढताना ती एका पायरीवर विनाकारण थांबली होती. यांना ते दिसलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. क्षणभर ती जुनी गोडी जिभेवर आली, माझ्याकडे आहे आणि हिच्याकडे नाही. शीतलची बोटं थांबली होती. ती वाट बघत होती.

"आणखी एक लिही," सुनयनाबाई म्हणाल्या.